ग्रिम्सेलच्या बोगद्यातला कोर्स: खडक मन लावून शिकवला, माणसं घाईघाईत

अणुकचरा जमिनीखाली खोल कसा पुरायचा, हे शिकवणारा एक आंतरराष्ट्रीय कोर्स यंदा स्वित्झर्लंडमध्ये केला. मी मुंबईत पायलिंगची, म्हणजे इमारतींच्या पायासाठी जमिनीत खोल काँक्रीटचे खांब घालण्याची, कामं बघते, त्यामुळे बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी माती) रोजच्या वापरातलं. बोअर ढासळू नये म्हणून आम्ही त्याची पाण्यात कालवलेली स्लरी भरतो आणि काँक्रीट वर चढत आलं की उपसून टाकतो. अणुकचऱ्याच्या डब्याभोवती हीच माती ठासून भरतात, आणि तिने हजारो वर्षं पाणी अडवून धरावं अशी अपेक्षा असते.

कोर्सचा जीव म्हणजे ग्रिम्सेलची भूमिगत प्रयोगशाळा. आल्प्समधल्या ग्रॅनाइटच्या पोटात, डोक्यावर सुमारे ४५० मीटर खडक. नागरा ही स्विस संस्था १९८४पासून ती चालवते. इथे कचरा पुरलेला नाही, पुरणारही नाहीत; चालतात ते फक्त प्रयोग.

त्यातला फेबेक्स हा प्रयोग आमच्याकडून ज्या पद्धतीने करून घेतला, तेवढ्यासाठीसुद्धा हा कोर्स करावा. १९९७मध्ये बोगद्यात बेंटोनाइटच्या विटा रचून मधोमध कचऱ्याच्या डब्यांएवढे दोन हीटर ठेवले आणि १०० अंशांवर तापवले. एक २००२मध्ये खणून काढला, दुसरा थेट २०१५मध्ये. आम्हाला आधी फक्त सुरुवातीची मोजमापं दिली: सांगा, १८ वर्षांनी आत काय सापडेल? गटागटाने आकडेमोड केली, वाद घातले, मग उकरलेल्या मातीचे खरे छेद समोर आले. विटांमधल्या फटी मिटलेल्या. खडकालगतची माती पाणी पिऊन फुगलेली, हीटरजवळची मात्र त्या मानाने कोरडीच. इतकी वर्षं थांबून, मग उकरून तपासण्याचा हा धीर मला फार मोलाचा वाटला. आमच्याकडे पाइलची टेस्ट दोन दिवस लांबली तरी फोन सुरू होतात! शेजारी आता हॉटबेंट हा तसाच प्रयोग चालू आहे, २०० अंशांपर्यंत. हीटर २०२१मध्ये सुरू झाले.

प्रशिक्षक मनापासून शिकवतात, प्रश्न विचारला की खडकाला हात लावून उत्तर देतात. जेवण साधं, राहण्याची सोय चांगली.

नाराजी एकच, पण मोठी. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. जैतापूरचा विषय निघाला की गावातला पहिला प्रश्न असतो, ‘कचऱ्याचं काय करणार?’ म्हणून लोकसंमतीच्या सत्राची मी वाट पाहत होते. ते शेवटच्या दिवशी, जेवणानंतर, घाईत उरकलं. कचरा पुरण्यासाठी सुचवलेली वेलनबर्गची जागा निडवाल्डन कॅन्टनच्या (स्विस प्रांताच्या) मतदारांनी १९९५ आणि २००२ अशी दोनदा नाकारली, हे एका स्लाइडमध्ये संपलं. लोक ‘नाही’ का म्हणाले, त्यानंतर काय बदललं, २०२२मध्ये कचरा पुरण्याची जागा म्हणून नॉर्डलिश लेगर्नचं नाव जाहीर करताना गावांशी कसं बोलले, यावर अर्धा दिवस हवाच होता. भारताचाही उल्लेख नव्हता. कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे १००० मीटर खोलीवर आपल्या शास्त्रज्ञांनी हीटरचा प्रयोग केला होता, ते मीच चर्चेत सांगितलं.

भूशास्त्र, जिओटेक्निकल किंवा अणुऊर्जेत काम करणाऱ्यांनी जरूर करावा. फी जबर आहे. संस्थेने खर्च उचलला तरच परवडेल. अर्जातल्या अपेक्षांच्या रकान्यात लोकसंमतीचं सत्र वाढवा असं स्पष्ट लिहा. मीही अभिप्रायात तेच लिहिलंय.