जुनी बुलेट की येझदी, आणि पैसे आधी ब्रेकवर की हेल्मेटवर?

जुनी गाडी घेतली की पहिलं बजेट क्रोम आणि टाकीच्या रंगात संपतं. उरलेल्या पैशांत डिस्क ब्रेक बसवावा, क्रॅशगार्ड लावावा की हेल्मेट-जॅकेट घ्यावं, हा विचार नंतरचा. गाडीच अजून ठरलेली नसेल तर आधी स्वतःच्या पायांकडे बघा.

पाय कुठे जातो?

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. पहिला वर, बाकीचे तीन खाली. जावा-येझदीचा गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे, म्हणजे आजच्या गाड्यांसारखंच. गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते, एवढंच वेगळेपण.

आता रोज ॲक्टिव्हा चालवणारा कोणी रविवारी बुलेट काढून निघाला आणि पुण्यात कर्वे रस्त्यावर रिक्षा आडवी आली. दोन्ही हात आपोआप आवळले जातात. ॲक्टिव्हावर ते दोन ब्रेक असतात. बुलेटवर डाव्या हातात क्लच येतो, म्हणजे इंजिनाची ओढही गेली. त्यातच उजवा पाय दुसऱ्या मोटरसायकलींच्या सवयीने खाली दाबला तर वरचा गिअर पडतो आणि मागच्या चाकाला ब्रेक लागतच नाही. म्हणून घरात दुसरी गाडी असणाऱ्याला आम्ही येझदी सुचवू. बुलेटच हवी असेल तर मोकळ्या मैदानात ताशी 30 च्या वेगाने अचानक थांबायचा सराव करा, पाय न शोधता ब्रेकवर जाईपर्यंत.

येझदीचा धोका वेगळा: टू-स्ट्रोक इंजिन जाम होणं. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असल्याने कात्रज किंवा खंबाटकी घाट थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून उतरलात तर इंजिनाला ऑइलही मिळत नाही. पिस्टन चिकटतो, मागचं चाक लॉक होतं. 1:25 मिश्रण म्हणजे लिटरला 40 मिली. पंपावर अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली ठेवा. उतारावर मधूनमधून थ्रॉटल उघडा आणि डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर असू द्या.

राजदूत 350 नवशिक्याने घेऊ नये. मूळ यामाहाला पुढे डिस्क होती. 1983 पासून इथे बनलेल्या गाडीला ड्रम ब्रेक दिला. इंजिनाची ताकद थोडी उतरवली, तरी ते तिखटच.

ड्रम की डिस्क?

डिस्क पावसात आणि लांब उतारावर सरस, यात वाद नाही. पण ती बसवताना कॅलिपरचा (डिस्क आवळणाऱ्या चिमट्याचा) ब्रॅकेट जुन्या फोर्कच्या नळीला वेल्डिंग करून लावला असेल तर ती गाडी घेऊच नका. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला धातू कमजोर होतो आणि ब्रेकचा सगळा जोर नेमका त्याच जागी येतो. शिवाय 3.25-19 चा अरुंद टायर तोच राहतो. ब्रेक वाढला तरी पकड वाढत नाही, चाक लवकर घसरतं. व्हिंटेज नोंदणी करायची असेल (2021 चे नियम, गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली), तर डिस्कसारखा बदल आड येऊ शकतो. त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, हेही लक्षात घ्या.

‘ड्रम लागतच नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा ड्रमचा दोष नसून हलगर्जी असते. नाना पेठेतून नवे ब्रेक-शूज आणि केबल आणा, मग हे करा. ड्रम लेथवर तपासून गोल करून घ्या. लायनिंगच्या (शूजवरच्या घासणाऱ्या थराच्या) पुढच्या कडेला थोडा उतार द्या. जुनी धूळ ओल्या कपड्याने पुसा, फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. चाक चढवताना ॲक्सल सैल ठेवून ब्रेक घट्ट दाबा आणि तसाच दाबून ठेवून ॲक्सल आवळा, म्हणजे शूज मध्यावर बसतात. ब्रेक लागतो त्या क्षणी केबल आणि कॅमचा दांडा यांत काटकोन हवा. कोन त्यापुढे गेला की हाताचा जोर वाया जातो. दोन्ही शू आघाडीचे (चाकाच्या फिरण्याने आणखी आवळले जाणारे) असतील तर जोडदांडा असा लावा की दोन्ही एकाच वेळी टेकतील. निपलपाशी (केबलच्या टोकाच्या गाठीपाशी) केबलची एक तार जरी तुटलेली दिसली तरी केबल बदला.

टायरवरचा चार आकडी कोडही वाचा: 2316 म्हणजे 2016 चा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर काढून टाका.

डोकं आणि अंग

‘जुनी गाडी पळतेच किती?’ हा युक्तिवाद टिकत नाही. अमेरिकेतल्या 1981 च्या हर्ट अहवालात सुमारे 900 मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते. त्यात धडकेच्या क्षणीचा मध्यक वेग होता ताशी 21.5 मैल, म्हणजे साधारण 35 किमी. एवढा वेग लक्ष्मी रस्त्यावर मिळणार नाही, सिंहगड रस्त्यावर सहज मिळतो.

उघड्या तोंडाचं हेल्मेट जुन्या गाडीवर शोभतं खरं, पण तोंडावर पडल्यावर हनुवटी आणि जबडा उघडाच. बंद हेल्मेटच घ्या. आयएसआय शिक्का 1 जून 2021 पासून सक्तीचाच आहे. पट्टा बांधून हेल्मेट मागून पुढे ढकला. निघून आलं तर माप चुकलं. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या शहरात हे सांगणं धाडसाचं, तरी सांगतो.

लेदर जॅकेट घासटण्यात जाळीच्या जॅकेटपेक्षा जास्त टिकतं. पण एप्रिल-मेमध्ये ते कपाटातच राहत असेल तर जाळीचंच घ्या. पॅडवर ईएन 1621 (युरोपीय सुरक्षा मानक) आणि पातळी बघा: खांदा-कोपराच्या लेव्हल 1 पॅडमधून सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत धक्का आत येऊ शकतो, लेव्हल 2 मधून 20. पाठीला नुसता फोम असेल तर तो काढून लेव्हल 2 चं पॅड घाला.

क्रॅशगार्डवर फार भिस्त नको. हर्ट अहवालात त्याने घोटा-पाऊल वाचत होतं, पण मांडी, गुडघा आणि पोटरीच्या दुखापती तितक्याच वाढत होत्या. उभी गाडी आडवी झाली तर इंजिन वाचतं, तेवढ्यासाठी ठेवा.

डिस्कच्या कामाला लागतात त्या पैशांत ड्रमचं पूर्ण काम, हेल्मेट आणि हातमोजे येतात. आमची पसंती त्यालाच. गाडी चालवताना पडलात तर आधी चावी, मग पेट्रोलचा कॉक बंद करा. नव्या गाड्यांतला, आडवी पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर इथे नाही आणि टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळतं. पडलेला माणूस श्वास घेत असेल तर त्याचं हेल्मेट ओढू नका, मान हलवू नका, 108 लावा. मागे बसणाऱ्यालाही कॉक कुठे आहे ते निघण्याआधी दाखवून ठेवा.