सायकलवर न्यायची गोधडी : एनलायटन्ड इक्विपमेंटची ‘रेव्हेलेशन’

अमेरिकेत मिनेसोटातल्या विनोना गावच्या या कंपनीची ‘रेव्हेलेशन’ क्विल्ट म्हणजे शेवटी पिसांची गोधडीच. स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग अंगाच्या वजनाने दबतो, त्यातली हवा जाते, ऊबही जाते. मग तो सायकलवर वाहायचाच कशाला, असा यामागचा साधा हिशेब. 850 फिल पॉवरच्या (पिसे किती फुगतात त्याचा आकडा, जास्त तितके हलके) डाऊनची, म्हणजे मऊ पिसांची, 20 फॅरनहाइटपर्यंतच्या थंडीसाठीची (उणे 7 सेल्सिअस) रेग्युलर क्विल्ट 600 ग्रॅमच्या आसपास भरते.

विकत घेताना सगळे तापमानाचा आकडा बघतात. आधी रुंदी बघा. रेग्युलर 54 इंच, वाइड 58 इंच. सरळ उताणे झोपणाऱ्याला 54 पुरतात. कुशीवर वळणाऱ्याचा गुडघा मात्र कड उचलतो आणि गार वारा थेट पाठीत शिरतो. ती फट उघडी असेल तर कितीही पिसे भरा, उपयोग नाही. वाइडला पन्नासेक ग्रॅम जास्त लागतात, ते खुशाल लागू द्यावेत. सोबतचे इलॅस्टिक पट्टे अंगाखालच्या मॅटभोवती घालून क्विल्ट त्यांना अडकवायची, पण कडा मॅटच्या बाहेर लोंबू न देता अंगाखाली खोचायच्या. हूड नसल्यामुळे कानटोपी हवीच.

क्विल्टला पाठ नाही, त्यामुळे आयएसओ 23537 या स्लीपिंग बॅगांच्या मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेच्या तापमानाच्या आकड्याशी तिची थेट तुलना करू नये. अपेक्षित थंडीपेक्षा पाच-सहा अंश हातचे राखून निवडा. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला 40 फॅरनहाइटची (4 सेल्सिअस) बहुतेकांना पुरते. मनाली-लेह मार्गावर सरचूला, सव्वाचार हजार मीटरच्या वर, सप्टेंबरात 20 चीच घ्यावी. तिथे मॅटही तशीच लागते: फोमच्या ‘झेड लाइट सोल’ मॅटची आर-व्हॅल्यू (जमिनीचा गारवा अडवण्याची क्षमता) 2 आहे, ती कमी पडेल, हवा भरायच्या ‘निओएअर एक्सलाइट एनएक्सटी’ची 4.5 आहे, ती चालेल. पाठ गार पडली की दोष क्विल्टला जातो, खरा चोर बहुधा खालची मॅट असते.

पायाकडे झिप आणि ओढदोरी आहे. दोन्ही उघडली की सपाट चादर होते. कोकणातल्या उकाड्यात ही मोठी सोय. थंडीत दोरी कितीही आवळा, मधे बोटभर भोक उरतेच. त्यात मोजा कोंबा. कायम थंडीतच जाणार असाल तर याच कंपनीची पायाकडे शिवून बंद केलेली ‘एनिग्मा’ बरी.

हँडलबारवर बांधताना इवल्याशा पिशवीत ठेचून भरू नका; त्याचा घट्ट चेंडू होतो आणि ब्रेकच्या केबल दाबतो. वॉटरप्रूफ ड्राय बॅगेत पायाकडून सैल कोंबा, हवा काढा, लांबट वळकटी करा. ड्रॉप बार (रेसिंग सायकलसारखे खाली वळलेले हँडल) असेल तर वळकटीची लांबी दोन ड्रॉपच्या मधल्या अंतरात बसायला हवी. पुढचे चाक आणि बॅग यांत अंतर ठेवा, नाहीतर खड्ड्यात टायर कापड घासतो.

पावसाळी घाटात किंवा दव धरणाऱ्या एकपदरी तंबूत सिंथेटिक ‘एपेक्स’ आवृत्ती घ्यावी. घडी मोठी होते, पण भिजल्यावर डाऊनसारखी पार बसत नाही. अमेरिकेतून मागवताना कुरिअर आणि सीमाशुल्क किमतीत धरूनच तुलना करा.

घरी मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. धुतलीच तर ड्रायरमध्ये मंद आचेवर टेनिसचे दोन-तीन चेंडू टाकून, पिसांचे गोळे पूर्ण सुटेपर्यंत वाळवा. दोरीवर टाकलेले डाऊन मुंबईच्या जुलैत वाळत नाही, कुबट वास तेवढा धरते.