‘मिक्स आफ्रिकन’चं पाकीट: रंग भरपूर, पण नावं विचारून घ्या

नागपुरातल्या बहुतेक फिशटँकच्या दुकानांत एका टाकीवर ‘मिक्स आफ्रिकन’ अशी चिठ्ठी दिसते. आत दीड-दोन इंची सिक्लिड जातीच्या माशांची पिल्लं असतात, पिवळी, निळी, केशरी, पट्ट्यापट्ट्यांची. सुटे पीस निवडण्यापेक्षा दहाचं पाकीट स्वस्त पडतं आणि पहिले काही महिने टँक खरोखर देखणा दिसतो. पाचपैकी दोन तारे देतोय ते तेवढ्या महिन्यांसाठीच.

पाकिटातली बहुतेक पिल्लं मलावी सरोवरातली, खडकांत राहणाऱ्या म्बुना गटातली. यलो लॅब आणि केशरी झेब्रा हमखास. गोम आहे ती पाकिटातल्याच ऑरॅटस आणि केनी या दोन जातींत. ऑरॅटसचं पिल्लू सोनेरी, अंगावर काळे पट्टे. पाकिटात सगळ्यात आधी नजर जाते ती त्याच्यावर. नर वयात आला की रंग उलटतो. अंग काळपट होतं, पट्टे फिकट निळसर. मग चार फुटांचा टँक तो एकटा बळकावतो. बाकीच्यांच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसायला लागल्या, एखादा मासा हीटरच्या मागे, वरच्या कोपऱ्यात लटकून राहिला, की समजायचं मार बसतोय. केनीची पिल्लं निळी, पण मोठा नर पिवळा होतो. ‘निळा घेतला, पिवळा निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. तापटपणात मात्र तो ऑरॅटसला हार जात नाही. कधी व्हेनस्टसचं ठिपक्यांचं पिल्लूही निघतं. ते दहा इंचांपर्यंत वाढतं आणि तोंडात मावेल तो शेजारी गिळतं. पाकिटात येणारा ज्युएल तर मलावीचा नाहीच, पश्चिम आफ्रिकेतल्या नद्यांतला मासा. अंडी घातल्यावर ती जोडी कुणालाही जवळ फिरकू देत नाही.

त्यापेक्षा त्याच दुकानात नाव घेऊन मागा. ४ × दीड × दीड फुटांच्या टँकला (काठोकाठ सुमारे २५५ लिटर, वाळू-दगड जाऊन २१०-२२०) यलो लॅब ७, रस्टी ६ आणि एसी नावाचे मासे ६ हा संच बसतो. पिवळा, जांभळट-तपकिरी आणि निळ्या अंगावर पिवळी शेपटी, असे तीन वेगळे रंग. म्हणून एकमेकांना प्रतिस्पर्धी समजणं कमी. एका नरामागे तीन माद्या राहतील असं बघा, जादा नर पुढे काढा. यलो लॅबसोबत केशरी झेब्रा नको. दोघांचा संकर सहज होतो आणि पिल्लं धड इकडची ना तिकडची. सगळे मासे शक्यतो एकदमच सोडा. नंतर भर घालायचीच असेल, तर आधी दगडांची जागा बदला, म्हणजे जुन्यांच्या ठरलेल्या हद्दी मोडतात.

दीड इंचाचा पीकॉक (हाही मलावीचाच सिक्लिड) झगझगीत रंगात दिसला तर हात आखडता घ्या. पीकॉकचा नर साधारण अडीच-तीन इंचांवर रंगायला लागतो. त्याआधीचा भडक रंग बहुधा हार्मोनचा असतो आणि काही आठवड्यांत उतरतो.

पाण्याचं गणित सोपं आहे: पीएच ७.८ ते ८.५, पाणी जड. बोअरचं पाणी बऱ्याचदा तसंच चालतं, पण किटने तपासून घ्या. नळाचं असेल तर क्लोरीन काढणारं औषध हवंच. आरओचं नुसतं पाणी नको. केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, तेच पीएच स्थिर ठेवतं) कमी असेल तर १०० लिटरला एक सपाट छोटा चमचा खाण्याचा सोडा; केएच साधारण दीड अंशाने वाढतो. तळाला कन्हानची वाळू स्वच्छ धुऊन घाला, सोबत काळा दगड. मनसरकडचा मँगनीजचा दगड कितीही चमकदार असला तरी टँकमध्ये नको. दगड वाळूवर नव्हे, थेट काचेवर पातळ फोम ठेवून रचा. हे मासे वाळू उकरतात आणि ढिगारा काचेवर कोसळतो. टँक चार-सहा आठवडे चालवून, माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार झाले की मगच मासे आणा. पीएच जास्त असला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो, त्यामुळे इथे घाई महागात पडते. दर आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदला.

खरी परीक्षा मे महिन्यात. बाहेर ४५ अंश असताना टँकचं पाणी सहज ३२-३३ वर जातं. या माशांना २४ ते २८ लागतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि लाइट गेली की फिल्टरही बंद. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय कूलरसारखाच चालतो, जुलैच्या दमट हवेत नाही. पाणी उडतं तेवढी भर रोज घाला. बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या. डिसेंबरच्या रात्रींसाठी हीटर लागतोच, राजेहो, ‘आपलं नागपूर गरम’ म्हणून टाळू नका.

खाण्यात स्पिरुलिनाचे (शेवाळाचे) दाणे, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपतील एवढेच. दुकानदार हौसेने ब्लडवर्म (लाल अळ्या) पुढे करतात. म्बुना मुख्यतः शेवाळ खाणारे, त्यांना ते झेपत नाही. पोट फुगतं, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी लोंबते, मासा दाणा तोंडात घेऊन थुंकतो. दुकानातल्या टाकीत एकाही माशाची अशी विष्ठा दिसली, तर त्या टाकीतलं काहीच घेऊ नका. पाकीट आधीच घेऊन बसला असाल, तर ऑरॅटस आणि केनी पिल्लं असतानाच दुकानात बदलून मागा. चार इंचांचा मारका नर परत घ्यायला सहसा कुणी तयार होत नाही.