५५-२५० एसटीएम : सेकंडहँड लेन्स घेऊन बेळगावच्या शिवारात

आधीच सांगून टाकतो, तुमच्याकडे कॅननची क्रॉप बॉडी (म्हणजे छोट्या सेन्सरचा कॅमेरा) असेल, खिशात दहाएक हजार असतील आणि रविवारी सकाळी उठून शेतं, माणसं, बैलगाड्या, मोहोरलेले आंबे असले फोटो काढायचे असतील तर ईएफ-एस ५५-२५० एफ ४-५.६ आयएस एसटीएम ही लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घ्या. डोळे झाकून घ्या म्हणणार नाही, सेकंडहँड आहे, डोळे उघडे ठेवूनच घ्या, पण घ्या. फक्त पक्ष्यांसाठी घेणार असाल तर जरा थांबा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

माझी बॉडी २००डी, लेन्स मिळाली दहा हजारांच्या आत, आणि माघ-फाल्गुनात जेवढ्या सुट्ट्या मिळाल्या तेवढ्या येळ्ळूर, उचगाव, जांबोटी, निपाणी, सौंदत्ती अशा भटकण्यात गेल्या. टेस्ट चार्टचे फोटो काढून कोपरे किती शार्प वगैरे बघणारा मी नाही, ते यूट्यूबवर ढीगभर आहे. आपल्याकडच्या धुक्यात, धुळीत आणि दहा वाजताच्या उन्हात ही लेन्स काय करते तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट वजन. ३७५ ग्रॅम, म्हणजे गळ्यात अडकवून अर्धा दिवस बांधावरून चाललं तरी मान दुखत नाही. कॅननचीच ७०-३०० आयएस टू यूएसएम ७१० ग्रॅमची आहे, मित्राची लावून बघितली, लेन्स भारी आहे यात वाद नाही पण मोटारसायकलवर पाठीला सॅक आणि त्यात ती, राजहंसगड चढेपर्यंत जीव जातो. ५५-२५० हलकी का तर सगळं प्लास्टिक, मागचं माउंटसुद्धा (कॅमेऱ्याला अडकतं ते) प्लास्टिकचं. काही लोकांना त्याचं लई वाईट वाटतं. मला नाही वाटत, पण लेन्स लावून कॅमेरा सॅकमध्ये कोंबायची सवय असेल तर सोडा.

आता मुद्द्याचं. शहापूर-वडगावकडून येळ्ळूरला जाताना दोन्ही बाजूला जे शिवार आहे तिथं भात निघाल्यावर मसूर, वाटाणा, हरभरा असतो, आणि या दिवसांत मसूर उपटायचं काम चालू असतं. बायका ओळीनं वाकून उपटत पुढं सरकतात, मागं येळ्ळूरचा राजहंसगड. १८-५५ किट लेन्सनं (कॅमेऱ्यासोबत येते ती) काढलात तर गड नखाएवढा दिसतो आणि अर्धा फोटो नुसतं रिकामं आभाळ. तेच बांधावरून शे-दीडशे पावलं मागं जाऊन २५० वर काढा, गड एकदम त्या बायकांच्या पाठीशी येऊन उभा राहतो. ही लेन्सची जादू नव्हे हां, तुम्ही माणसांपासून लांब गेलात, गड होता तिथंच आहे, म्हणून दोघांच्या आकारातला फरक कमी होतो, लेन्स फक्त तेवढा तुकडा कापून देते. पण हा तुकडा कापता येणं हेच आपल्या भागात महत्त्वाचं, कारण आपल्याकडं शेतामागं कायम काहीतरी असतं, एखादा गड, एखादा डोंगर, देवळाचं शिखर, नाहीतर वीटभट्टीचा धूर. कॅननच्या क्रॉप सेन्सरवर १.६ नं गुणायचं, म्हणजे २५० चं फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या) हिशोबात ४०० झालं. आणि सकाळी त्या रस्त्यावर उभं राहिलं की ऊन डावीकडून येतं, गडावर तिरकं पडतं, तट-बुरूज स्वच्छ दिसतात.

आयएस म्हणजे हात हलला तरी सांभाळून घेणारी सोय, ती खरंच काम करते. कंपनी साडेतीन स्टॉप म्हणते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). साध्या हिशोबानं २५० वर हातात धरून सेकंदाचा १/४०० तरी शटर स्पीड पाहिजे, इथं मी १/६० ला सुद्धा गड शार्प आणलाय, श्वास रोखून, कोपर बरगडीला टेकवून. पण लोक इथंच फसतात, आयएस तुमचा हात थांबवतं, समोरचा बैल नाही थांबवत. बाई मसूर उपटते तेव्हा तिचा हात झटक्यात वर येतो, मुळाची माती उडते, ती माती हवेत दिसायला हवी असेल तर १/८०० लागतो आणि त्याला ऊन लागतं.

आणि तिथंच या लेन्सचं दुखणं सुरू होतं. झूम करत गेलं की एफ ५.६ वर येते, त्याच्यापेक्षा उघडत नाही (एफचा आकडा मोठा म्हणजे उजेड कमी). या दिवसांत सूर्य पावणेसात-सातच्या आसपास उगवतो, आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर असल्यामुळं माघात अजून धुकं असतं, मार्कंडेय नदीच्या काठानं तर आठ वाजेपर्यंत. बघायला इतकं छान की बोलायची सोय नाही, आणि नेमकं त्याच वेळेला एफ ५.६ नं आयएसओ (सेन्सरची उजेड पकडायची ताकद) ३२०० वर न्यावा लागतो. फोटो येतो, पण धुक्याचा मऊपणा जाऊन रांगोळी पसरल्यासारखे दाणे येतात. बाजूला साधी ५० एमएम एफ १.८ असेल तर ती जवळपास दहापट उजेड आत घेते. म्हणून पहाटे मी ५० लावतो आणि ऊन वर आल्यावर ५५-२५० काढतो. दोन्ही मिळूनसुद्धा वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आत.

उलट साडेदहा वाजून गेले की दुसरीच कटकट. नांगरलेल्या जमिनीवरून हवा थरथरायला लागते, आणि २५० वर लांबचं काहीही काढलं तरी मेणासारखं वितळल्यागत दिसतं. लोक म्हणतात लेन्स सॉफ्ट आहे. लेन्स सॉफ्ट नाही ओ, हवा सॉफ्ट आहे. हजारोंची लेन्स लावा नाहीतर लाखाची, ते असंच येणार. तेव्हा साधारण साडेसात ते दहा हा या लेन्सचा टाइम, आणि संध्याकाळी साडेचारपासून पुढं. मधल्या वेळेत झाडाखाली बसून डबा खावा.

लांबच्या लेन्सबद्दल लोकांचा एक समज असतो की कुणाला कळणार नाही, गुपचूप काढता येईल. आमच्याकडं उलटं होतंय. हलगा-मच्छे बायपासला जमिनी जाण्यावरून या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी किती वर्षं कोर्टकचेऱ्या आणि आंदोलनं केली ते इथल्या माणसाला सांगायला नको, त्यामुळं बांधावर उभा राहून कोणी नळकांड्यासारखं काहीतरी रोखून बघतोय म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो, "काय करूलास रे? सर्व्हेला आलास काय?" मी म्हटलं, "नाही मामा, फोटो काढूलोय, हौस म्हणून." तर म्हणाले, "मग तिकडनं कशाला काढूलास, हिकडं ये की!" गेलो, स्क्रीनवर फोटो दाखवले, मामांनी लेन्स हातात घेऊन उलटी धरली आणि दुर्बीण समजून डोळ्याला लावली. मग हरभऱ्याचे डहाळे मिळाले मूठभर. तेव्हापासून आधी जाऊन बोलायचं, नाव-गाव सांगायचं, आणि मग लांब जाऊन काढायचं. थोड्या वेळानं लोक आपल्याला विसरतात, आणि तोंडं कॅमेऱ्याकडं न वळवता कामाला लागतात. तेव्हा ही लेन्स कामाची. शिवाय एसटीएम म्हणजे फोकस करणारी मोटर, तिचा आवाज जवळजवळ नाहीच.

गुऱ्हाळावर मात्र नेऊ नका, म्हणजे न्या पण भरवसा ठेवू नका. निपाणीकडं एका गुऱ्हाळावर गेलो होतो, काहील उकळतेय, गुळव्या मळी काढतोय, खाली चुलवाणात चिपाडं घालणाऱ्या माणसाचं तोंड जाळानं लालबुंद, एवढं सगळं दहा हातांच्या छपरात. आणि ही लेन्स सुरूच होते ५५ पासून, म्हणजे फुल फ्रेमच्या ८८ पासून, काहील फ्रेममध्ये मावतच नाही. मागं सरकलं की पाठ उसाच्या मोळ्यांना. वरून वाफेनं पुढची काच पांढरी. पण एक फोटो तिथंच मिळाला, नुसता गुळव्याचा हात आणि त्या लांब दांड्याच्या झाऱ्यावरून तुटत पडणारी मळी, मागं सगळी वाफ. फोकस ८५ सेंटीमीटरपर्यंत जवळ येतो त्याचा हा फायदा. हरभऱ्याचे घाटे, आंब्याचा मोहोर, काजूचा मोहोर (जांबोटीकडं आता भरपूर आहे), त्यावरची मधमाशी, हे सगळं चांगलं येतं, मॅक्रो लेन्स नसली तरी चालतंय.

धुळीचं बघा. या लेन्सला वेदर सीलिंग (धूळ-पाणी अडवायची सोय) नाही. झूम केलं की नळी बाहेर येते, आणि आत जाताना सोबत जे असेल ते घेऊन जाते. माघी पौर्णिमेला, म्हणजे भारत पुनवेला, सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जायला बैलगाड्या निघतात, गाड्या सजवलेल्या, बैलांच्या शिंगांना रंग, माणसं भंडाऱ्यानं पिवळीजर्द. यापेक्षा भारी फोटो या मोसमात नाही, आणि लेन्सला यापेक्षा वाईट जागाही नाही. भंडारा म्हणजे हळद, इतकी बारीक की कपड्यातनं सुद्धा जाते. मी काय केलं, पुढं यूव्ही फिल्टर (५८ एमएम साइझ), वरून दुधाची जाड पिशवी कापून रबर लावून, आणि गर्दीत लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. ओल्या कापडानं हळद पुसायला जाऊ नका, डाग बसतोय.

आता पक्षी. तारेवरचा वेडा राघू, नांगरामागं चालणारे बगळे, इथपर्यंत ठीक. नीलपंख, जो कर्नाटकाचा राज्यपक्षी आहे, तो तारेवर बसलेला हमखास दिसतो, पण थांबतो तेवढ्या अंतरावर २५० कमीच पडतं, २४ मेगापिक्सेलमधून क्रॉप करून इन्स्टापुरता होतो, भिंतीवर लावण्याइतका नाही. त्यापेक्षा सोपा उपाय, फुललेल्या पळसाखाली किंवा काटेसावरीखाली जाऊन गप बसा. झाडाला पान नाही, नुसती लाल फुलं, आणि मध प्यायला साळुंक्या, कोतवाल, शिंजीर रांग लावून येतात, तुमच्याकडं लक्षसुद्धा देत नाहीत. खानापूरच्या पुढं काटेसावरी चिक्कार आहेत. बैलगाडी शर्यतीसाठी मात्र घेऊ नका, एसटीएम मोटर व्हिडिओला गुळगुळीत म्हणून चांगली, अंगावर येणाऱ्या बैलांमागं पळायला यूएसएमवाली (जास्त चपळ फोकस मोटरची) बघा.

घेताना काय बघायचं. नाव वाचा नीट, पहिलं. जुन्या आयएस आणि आयएस टू पण ५५-२५० च आहेत, बाहेरून सारख्याच वाटतात, पण त्यांची मोटर आवाज करते आणि फोकस करताना पुढची काच गोल फिरते, म्हणजे पोलरायझर (चमक कमी करणारा, फिरवून लावायचा फिल्टर) लावला तर दर वेळेला परत फिरवा. २०१३ साली आलेल्या एसटीएममध्ये काच फिरत नाही. लेन्सवर एसटीएम लिहिलेलं असतंच, नसेल तर ती नव्हे.

मग फंगस, म्हणजे काचेवरची बुरशी. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस म्हणजे जूनपासून भिंतीला पाणी सुटतं, तिथं कपाटात पडलेल्या लेन्सची काय गत होत असेल. मोबाइलचा टॉर्च मागून लावा, पुढून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर स्वस्तात दिली तरी नको. एका दुकानात मला असाच पीस दाखवला, "धूळ आहे ओ, ब्लोअर मारला की जाईल." धुळीला फांद्या फुटत नसतात राव. मी गप उठून आलो आणि शेवटी एका वेडिंगवाल्याकडून घेतली, त्याची वापरात होती, वापरातली लेन्स केव्हाही बरी. घेतल्यावर हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, दीडेकशे रुपयांचं काम.

अजून दोन बारीक गोष्टी. फोकस रिंग इलेक्ट्रॉनिक आहे, कॅमेरा बंद असताना फिरवली तर काही होत नाही, बिघडली म्हणून घाबरू नका. आणि ही फुल फ्रेम डीएसएलआरला बसत नाही. कॅननच्याच आर सिरीजच्या मिररलेसला (आत आरसा नसलेले कॅमेरे) अॅडॉप्टर लावून चालते, पण नवीनच घेणार असाल आणि मिररलेस असेल तर आरएफ-एस ५५-२१० बघा, ती २७० ग्रॅमची आहे, फक्त एफ ५ ते ७.१ आहे म्हणजे धुक्याचं वर जे रडगाणं गायलं ते आणखी मोठ्यानं गावं लागेल.

हुड (लेन्सच्या तोंडावर सावली धरणारी नळी) बॉक्समध्ये येत नाही, वेगळा घ्यायचा. संध्याकाळी सूर्यासमोर उसाच्या ट्रॉल्या काढायच्या असतील तर पाहिजेच, नाहीतर सगळा फोटो पांढुरका येतो. दुकानात मागताना ईटी-६३ म्हणून मागा. ईटी-६० देतील, तो जुन्या मॉडेलचा, याला बसत नाही.