डीएनएफ रिव्ह्यू: सर्व्हरवर कोणी काय टाकलं त्याचा पक्का हिशोब

सेंटओएस ७ या सर्व्हरवरच्या लिनक्सचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, त्यानंतर बरेच जण त्याच घराण्यातल्या रॉकी किंवा अल्मालिनक्सवर आले पण हात अजून यम या जुन्या पॅकेज मॅनेजरचाच (सॉफ्टवेअर टाकणारं-काढणारं टूल) आहे, यम इन्स्टॉल, यम अपडेट, बस. चालतं ते, कारण तिथे यम ही कमांड आतून डीएनएफ या नव्या पॅकेज मॅनेजरलाच जोडलेली आहे. पण मग त्यातलं सगळ्यात कामाचं फीचर वापरायचं राहूनच जातं, म्हणून हा रिव्ह्यू.

ते फीचर म्हणजे हिस्टरी. डीएनएफ हिस्टरी मारलं की प्रत्येक ट्रान्झॅक्शन, म्हणजे टाकणं-काढणं-अपडेट, नंबरासकट समोर येतं, कमांड काय होती, तारीख वेळ काय, किती पॅकेजेस हलली. समजा २७ नंबर संशयास्पद वाटतोय तर डीएनएफ हिस्टरी इन्फो २७ करा, कुठल्या युजरने केलं तेही कळतं, आणि सुडो (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणं) वापरलं असेल तरी मूळ लॉगिन कोणाचं ते दिसतं. चार जण एकच सर्व्हर हाताळतात तिथे ही माहिती सोन्यासारखी आहे हो, कोणाला फोन करून विचारत बसायला नको. आणि मग डीएनएफ हिस्टरी अनडू २७. पीएचपीच्या एका एक्स्टेंशनसोबत जी दहाबारा पॅकेजेस आली ती सगळी एका फटक्यात बाहेर, जी अपग्रेड झाली होती ती जुन्या व्हर्जनवर.

आता इथे दोन गोष्टी नीट समजून घ्या. जुनं व्हर्जन रेपोत, म्हणजे पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यात, शिल्लक असेल तरच ते परत येतं, फेडोरा या त्याच घराण्यातल्या लिनक्सच्या अपडेट्स रेपोत जुनी व्हर्जन्स ठेवत नाहीत त्यामुळे तिथे अनडू बऱ्याचदा अडतं. दुसरं म्हणजे डेटा मागे जात नाही. मारियाडीबी डेटाबेसचं मोठं अपग्रेड करून टेबलं नव्या फॉरमॅटला गेली असतील तर फक्त पॅकेज खाली आणून काही होणार नाही, तिथे बॅकअपच लागतो.

प्रोव्हाइड्स पण मला फार आवडतं. सेमॅनेज कमांड सापडत नाही असं एरर येतं, आता ती पॉलिसीकोअरयुटिल्स-पायथन-युटिल्स नावाच्या पॅकेजमध्ये असते हे कोणाला सुचणार? डीएनएफ प्रोव्हाइड्स लगेच सांगतं. शिवाय होय-नाही विचारताना नुसतं एंटर दाबलं तर उत्तर नाही धरतं, डेबियनच्या एपीटी या पॅकेज मॅनेजरमध्ये तेच एंटर होय असतं. प्रॉडक्शनवर मला डीएनएफचीच पद्धत बरोबर वाटते, यादी वाचून वाय दाबायला काही वेळ लागत नाही.

नुसते सिक्युरिटी अपडेट हवे असतील तर अपग्रेडला सिक्युरिटीचा ऑप्शन आहे, आणि नंतर नीड्स-रीस्टार्टिंग चालवून रीबूट लागणार का ते बघून घ्या, कर्नल किंवा जीलिबसी (सगळे प्रोग्रॅम वापरतात ती मूळ लायब्ररी) बदललं असेल तर लागतंच.

वाईट काय, तर स्पीड आणि मेमरी. आधी मेटाडेटा, म्हणजे रेपोतल्या पॅकेजेसची माहिती, ओढत बसतं, डाउनलोड एका वेळी तीनच, ते कॉन्फिगमध्ये मॅक्स पॅरलल डाउनलोड्स १० केलं की बराच फरक पडतो. पण मेमरीचं काय करणार, ईपीईएल हा जादा पॅकेजेसचा रेपो जोडलेला छोटा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) असेल तर मध्येच नुसतं किल्ड असं लिहून प्रोसेस मरते. स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बनवली की निभतं. फेडोरा ४१ पासून डीएनएफ ५ आलंय, सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहिलेलं, ते फास्ट आहे आणि मेमरी पण कमी खातं, पण रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मध्ये सुद्धा चौथंच व्हर्जन आहे त्यामुळे सर्व्हरवाल्यांना अजून थांबावं लागणार.

दोन जीबी रॅमच्या वरचा सर्व्हर आणि त्यावर एकापेक्षा जास्त माणसं काम करणारी असतील तर डोळे झाकून घ्या, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. ५१२ एमबीच्या व्हीपीएसवर मात्र डेबियन टाका, एपीटी तिथे निवांत चालतं.