एडिसन की वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो? शाळेसाठी घर बघताना

न्यूजर्सीत नव्याने आलेलं मराठी कुटुंब मुलांच्या शाळेसाठी घर शोधायला लागलं की यादी बघता बघता दोन नावांवर येते: एडिसन आणि वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो. आमचीही आली होती. आम्ही दोन्हीकडे राहिलो. आधी अडीच वर्षं प्लेन्सबरोत भाड्याच्या घरात, नंतर दक्षिण एडिसनमध्ये घर घेऊन. मुलगी एडिसन हायस्कूलमधून बारावी झाली. त्यामुळे कोणी विचारलं की मी मत देतो, पण ते एका घराचं, एका मुलीच्या अनुभवावरचं मत आहे, हे आधीच सांगतो.

क्रमवारी, सॅटचे (कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचे) सरासरी गुण, एपी (कॉलेजच्या पातळीच्या) विषयांची यादी हे सगळं तुम्ही एव्हाना पाहिलं असेल. त्यात शिरत नाही. दोन्हीकडे शाळा चांगल्याच आहेत, आणि अभ्यासात बऱ्या असलेल्या मुलाचं कुठेही अडणार नाही.

रचना मात्र नीट समजून घ्या, कारण घर घेताना तिथेच गोंधळ होतो. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो या दोन गावांचं मिळून एक स्कूल डिस्ट्रिक्ट आहे, म्हणजे शाळांचा कारभार एकच. मुलं नऊ हजारांच्या वर, हायस्कुलं दोन, साउथ आणि नॉर्थ. पण डिस्ट्रिक्ट एक असलं तरी काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या) दोन आहेत. वेस्ट विंडसर मर्सरमध्ये येतं, प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये. काउंटीच्या मॅग्नेट, म्हणजे निवडक मुलांसाठीच्या खास विषयांच्या शाळांच्या प्रवेश परीक्षेला मूल बसवायचा विचार असेल तर पत्ता कुठल्या काउंटीतला हे आधी बघावं लागतं. एकाच वर्गातल्या दोन मैत्रिणींना वेगवेगळ्या काउंटीत अर्ज करावा लागू शकतो. एडिसन ही एकच टाउनशिप, पण मोठी. वस्ती एक लाखाच्या वर, शाळेत जाणारी मुलं सोळा हजारांच्या आसपास, आणि हायस्कुलं इथेही दोनच: जे. पी. स्टीव्हन्स आणि एडिसन हायस्कूल. ढोबळ मानाने उत्तर भाग जेपीला जातो, दक्षिण भाग एडिसन हायस्कूलला.

मला समजायला सर्वांत जास्त वेळ लागला तो इथे. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये २०१५ मध्येच ६५ टक्क्यांच्या आसपास मुलं आशियाई वंशाची होती. जेपीमध्येही आशियाई, त्यातही भारतीय मुलांचं प्रमाण फार मोठं आहे. एडिसन हायस्कूलमध्ये भारतीय मुलं भरपूर आहेतच, पण त्यांच्याबरोबर लॅटिनो, कृष्णवर्णीय आणि गोरी मुलंही चांगल्या संख्येने आहेत. शाळेतल्या सवलतीच्या जेवणाला पात्र असलेल्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलंही तिथे जास्त दिसतात. म्हणजे मुलाभोवती कोण असेल या दृष्टीने बघितलं तर जेपी हे एडिसन हायस्कूलपेक्षा वेस्ट विंडसरला जवळचं. तुलना दोन गावांची वाटते, पण होते तीन-चार हायस्कुलांची, आणि ती रस्त्यारस्त्यावर बदलते.

आता निकालांबद्दल. राज्याचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट काढतं. आम्ही चारही हायस्कुलांचे आणि त्यांना मुलं पाठवणाऱ्या मिडल स्कूलचे रिपोर्ट छापून जेवणाच्या टेबलावर मांडले होते. बायको हायलायटर घेऊन बसली होती. तासाभराने ती म्हणाली, "हे शाळेचे मार्क नाहीत रे, आईबापांचे आहेत." तिचं म्हणणं मला पटलं. ज्या घरांत दोघंही इंजिनिअर, दुसरीपासून गणिताची शिकवणी आणि शनिवारी सकाळी स्पेलिंग बीचा सराव, तिथल्या मुलांचे गुण वरच असणार. त्यात शाळेने किती शिकवलं ते सरासरीवरून कळत नाही. त्याच रिपोर्टमध्ये मिडल स्कूलच्या वयाच्या मुलांसाठी 'स्टुडंट ग्रोथ'चा आकडा असतो. आधीचे गुण सारखे असलेल्या राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत हे मूल या वर्षी किती पुढे सरकलं, ते त्यात दिसतं. पन्नास म्हणजे मध्यावर. तो आकडा बघा. मग शाळांमधलं अंतर आपण समजतो तेवढं राहत नाही, असं निदान आम्हाला तरी आढळलं.

तरीही आम्ही प्लेन्सबरो सोडलं ते आकड्यांमुळे नाही. सोडलं ते एका प्रश्नामुळे.

"कुठल्या मॅथला आहे?"

नवीन आलेल्यांना यात काय विशेष असं वाटेल. इथे सहावी-सातवीच्या सुमाराला मुलांच्या गणिताच्या वाटा वेगळ्या होतात. कोणी सातवीत अल्जिब्रा वन करतं, कोणी आठवीत, कोणी नववीत. त्यानंतर जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्री-कॅल्क्युलस, कॅल्क्युलस अशी गाडी ठरलेल्या क्रमाने जाते, आणि मधला डबा सहसा वगळता येत नाही. सातवीत बसलेलं मूल अकरावीत कॅल्क्युलसला पोचतं आणि बारावीत त्याच्याही पुढचं काही घेतं. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीला "कुठल्या मॅथला" असं विचारलं, की विचारणाऱ्याला तिचं कॉलेजच विचारायचं असतं.

प्लेन्सबरोतल्या दुसऱ्या वर्षी एका घरी गणपतीला गेलो होतो. मुलगी सहावीत. आरती झाली, पानं वाढली, आणि ती मोदकाची ताटली घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली. पहिल्या काकूंनी विचारलं, "काय गं, कुठल्या मॅथला आहेस?" तिने सांगितलं. काकू "अच्छा" म्हणाल्या. त्या "अच्छा"नंतरचा क्षणभराचा थांबा मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला कळला, तर तिला कळला नसेल का? नंतर एका काकांनी विचारलं, मग दुसऱ्या एका काकूंनी. चौथ्यांदा कोणी विचारायच्या आत तिने मोदक तसाच ठेवला, ताटली पायरीखाली सरकवली आणि बाथरूममध्ये जाऊन बसली. पुढच्या महिन्यात कोजागिरीच्या संध्याकाळी तिचं पोट दुखायला लागलं. दिवाळीच्या फराळालाही दुखलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

विचारणारी माणसं वाईट नव्हती. आपलीच होती, आमच्या अडीनडीला धावून आलेली होती. अडचण ही होती की तिच्या वर्गातली मुलं, नाचाच्या क्लासातली मुलं, गणपतीला भेटणारी मुलं आणि बसथांब्यावरची मुलं ही सगळी त्याच घरांतली होती. त्या प्रश्नापासून सुटका होईल अशी जागाच तिच्या आठवड्यात उरली नव्हती.

याबाबत डिस्ट्रिक्टला दोष देणं अन्यायाचं होईल. हा ताण सार्वजनिकपणे मांडण्याचं धाडस वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोनेच केलं. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथले सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचे प्रमुख) डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. आधीच्या शैक्षणिक वर्षात मिडल आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं होतं, ४० मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. त्यानंतर हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या, गृहपाठ नसलेले दिवस ठरले, चौथी-पाचवीतला प्रगत गणिताचा वर्ग बंद करायचं ठरलं. पालकांत उभी फूट पडली. आपल्याकडच्या बऱ्याच पालकांना वाटलं की मुलांच्या मेहनतीची किंमत कमी होते आहे. त्यांची काळजी मला समजते. एक सूटकेस घेऊन आलेल्या माणसाला अभ्यासाशिवाय दुसरा कुठला दरवाजा उघडलेला दिसलेला नसतो. पण शाळेने परीक्षा बंद केल्या तरी जिन्याच्या पायरीवरचा प्रश्न शाळेला बंद करता येत नाही, हेही तितकंच खरं.

दक्षिण एडिसनमध्ये आल्यावर तो प्रश्न थांबला असं म्हणणार नाही. ओक ट्री रोडवर भाजी घेतानाही कोणी ना कोणी विचारतंच. पण शाळेच्या दिवसात तो मागे पडला. तिच्या जेवणाच्या टेबलावर चौघीजणी बसायच्या. एकीला नर्स व्हायचं होतं. एकीचा भाऊ सैन्यात भरती झाला होता आणि ती त्याची पत्रं दाखवायची. तिसरी संध्याकाळी किराणा दुकानात काउंटरवर काम करायची. दहावीत असताना एका संध्याकाळी मुलीने मला विचारलं, "बाबा, इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप म्हणजे शिकताना पगार देतात, हे तुला माहीत होतं?" मला माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी बसून वाचलं. पोटदुखी कधी थांबली ते नक्की आठवत नाही, पण त्या वर्षी गणपतीला ती आमच्याआधी तयार होऊन बसली होती.

बारावीनंतर मुलं कुठे जातात हेही त्याच रिपोर्टमध्ये दोन वर्षांचं कॉलेज आणि चार वर्षांचं कॉलेज असं वेगळं करून दिलेलं असतं. चार वर्षांच्या कॉलेजचा आकडा जितका मोठा तितकी शाळा चांगली, असंच आम्ही तो वाचत होतो. आता तसं वाचत नाही. न्यूजर्सीत काउंटी कॉलेजात दोन वर्षांची असोसिएट पदवी (ए.ए. किंवा ए.एस.) पूर्ण केली की क्रेडिट राज्याच्या चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठांत धरली जातात. एनजे स्टार्स योजनेत वर्गातल्या वरच्या १५ टक्क्यांतल्या पात्र मुलांची काउंटी कॉलेजची ट्यूशन फी माफ होते. व्हिसावर असाल तर पात्रतेच्या अटी आधी नीट वाचा, आपल्यातले बरेच जण तिथे अडतात. आणि विचार करा, जिथे प्रत्येक मूल घासून अभ्यास करतं तिथे वरच्या १५ टक्क्यांत येणं किती अवघड असेल.

मिडलसेक्स कॉलेज हे आमचं काउंटी कॉलेज एडिसनमध्येच आहे. मर्सर काउंटी कम्युनिटी कॉलेजही वेस्ट विंडसरमध्येच आहे. पण प्लेन्सबरोतल्या अडीच वर्षांत आमच्या वर्तुळात त्या कॉलेजचं नाव मी एकदाही कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. इथे मात्र मुलीची नर्सिंगवाली मैत्रीण मिडलसेक्सला गेली, घरून जाऊन-येऊन शिकते आहे, कर्ज नाही, आणि तिच्या आईने पेढे वाटावे तसे डोनट वाटले. माझी मुलगी सरकारी विद्यापीठात गेली. गणित तिने घेतलंच, पण संख्याशास्त्राच्या वाटेने.

प्लेन्सबरोच्या बाजूनेही सांगण्यासारखं आहे. गाव शांत आहे, सार्वजनिक लायब्ररी मुलांना आपलंसं करते, आणि मूल लहान असेल तर ती वर्षं तिथे फार सुखाची जातात. तुमचं मूल स्पर्धेत फुलणारं असेल, ऑलिम्पियाडच्या गणितांसाठी सोबती शोधणारं असेल, तर नॉर्थ, साउथ किंवा जेपीत त्याला त्याच्यासारखी दहा मुलं भेटतील, आणि तो आनंद मी कमी लेखणार नाही. एडिसन हायस्कूल मोठं आहे. अबोल मुलाला तिथे पहिलं वर्ष जड जाऊ शकतं, आणि कौन्सेलरकडे पालकांनी स्वतःहून जावं लागतं. गावातल्या वाहतुकीबद्दल काही बोलायला नको. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर मात्र एडिसनला पर्याय नाही. माझे वडील ओक ट्री रोडवर सोडलं की दोन तास रमायचे, पानवाल्याशी गुजराती बोलून यायचे.

मला आज पुन्हा निवडायचं झालं तर मी दक्षिण एडिसनच निवडीन, आणि अडीच वर्षं आधी निवडीन. तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं. घर बघायला जाल तेव्हा शाळा सुटायच्या वेळी अर्धा तास बाहेर थांबा आणि मुलं कोणाबरोबर बाहेर पडतात ते बघा. आणि लीजवर सही करण्याआधी पत्ता घेऊन डिस्ट्रिक्टच्या कचेरीत फोन करा. जाहिरातीत हायस्कूलचं नाव लिहिलेलं असतं, पण हद्द रस्त्याच्या मधून जाते, आणि आम्हाला आवडलेलं पहिलं घर दुसऱ्याच शाळेच्या हद्दीत निघालं होतं.