ताणाने बिघडणारी त्वचा आणि संमोहन उपचार: पैसे कशासाठी मोजावेत?

खाज, खाजवणं, जखम, पुन्हा खाज. इसब किंवा सोरायसिसमधलं हे चक्र ताणाने उसळतं आणि तिथे संमोहनाची मदत होऊ शकते. सुरकुत्यांसाठी मात्र पैसे घालवू नका. त्याबाबतीत रोजचं सनस्क्रीन आणि पुरेशी झोप कितीतरी भरवशाची.

चांगला उपचारक आधी औषधं आणि खाजेच्या वेळा विचारतो. मग एका बिंदूवर नजर, लांब उच्छ्वास, अंग सैल आणि त्यानंतर नेमकी सूचना: ‘कोपराच्या आतल्या बाजूला थंडावा पसरतोय, हात तिकडे गेला की मूठ आपोआप मिटेल.’ सगळी मदार या मुठीवर असते, कारण बरंचसं खाजवणं नकळत होतं. ‘त्वचा तजेलदार होईल’ अशी मोघम सूचना फुकट जाते. घरी रोज 10-15 मिनिटं स्वसंमोहन केलं नाही, तर परिणाम टिकणं कठीण.

स्टिरॉइड मलम एकदम बंद करायला सांगणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका; आजार उफाळून येऊ शकतो. सायकोसिसचा (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचा) इतिहास असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. आणि ‘एका बैठकीत दहा वर्षं तरुण’ म्हणणाऱ्याला आगाऊ पॅकेजचे पैसे मुळीच देऊ नका.